गेममध्ये सापडलेला फेटा

माझ्या धाकट्या भावानं आमच्या लहानपणावर एक व्हिडिओ गेम केला आणि त्यात मला शेळी केलं. हे मला भाऊबिजेच्या आदल्या दिवशी, दुपारचं जेवण झाल्यावर, सगळ्या घरासमोर कळलं.

भाऊ पुण्यात असतो. दोन मित्रांबरोबर एका खोलीत बसून गेम तयार करतो. म्हणजे नेमकं काय करतो, हे घरात कुणालाच सांगता यायचं नाही. आप्पा पाहुण्यांना "कॉम्प्युटरमधी हाय" एवढंच सांगायचे आणि लगेच पावसाचा विषय काढायचे. मी वडूजला शाळेत शिकवते, हे सांगायला त्यांना सोपं जायचं. शिक्षिका काय करते ते सगळ्यांना माहीत असतं, निदान तसं वाटतं तरी.

आप्पा म्हणजे आमचे थोरले चुलते. वडील सैन्यात, दर दोन-तीन वर्षांनी नवं गाव, नवी शाळा. पोरांच्या शाळेची आबाळ नको म्हणून आई-वडिलांनी आम्हा दोघांना माण तालुक्यातल्या आमच्या गावी आप्पा आणि काकीकडे ठेवलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. आम्ही दोघं मिळून चौघांचा त्रास द्यायचो, त्यामुळे त्यांना ती उणीव आठवायला फारसा वेळ मिळाला नसावा. आप्पा तरुणपणी पैलवान होते. दोन्ही कान मोडलेले, मान आजही पंचाहत्तरीत खांबासारखी. काकी त्यांच्या निम्मी, पण घरात शेवटचा शब्द तिचाच.

तर त्या दुपारी भावानं लॅपटॉप काढला, वायर टीव्हीला जोडली आणि म्हणाला, "ताई, झाला गेम. अर्ध्या तासाचाच आहे. पहिल्यांदा तू खेळ."

पडद्यावर एक पिवळट माळ आला. मधे एक बैठं घर, दोन दगडी पायऱ्या, तुळस, बाजूला कडुलिंब. मी काही बोलायच्या आत काकी म्हणाली, "आगं, ही तर आपलीच पायरी! फुटकी बाजूबी काढलीया."

माळाच्या टोकाला सिमेंटचे मोठे पाइप पडलेले होते. तेही आमचेच. कुठल्याशा पाण्याच्या योजनेसाठी आणून टाकलेले, पोर उभं राहील एवढे मोठे. योजना पुढं सरकली नाही. पाइप मात्र आमचं सगळं बालपण तिथंच होते.

गेम सोपा होता. बाणांच्या बटणांनी एका मुलाला चालवायचं. एखाद्या वस्तूसमोर उभं राहून मोठं बटण दाबून धरलं, की तो मुलगा डोळे मिटायचा आणि समोरची वस्तू बदलायची. कडबा कापायच्या यंत्राचं मोडकं चाक जहाजाचं सुकाणू व्हायचं. मी मुलाला पाइपासमोर नेलं, बटण दाबलं. पाइप थरथरला, त्याला गोल काचेच्या खिडक्या फुटल्या, वर निळं पाणी चढलं.

"पाणबुडी!" मी ओरडले.

"काय बुडलं?" आप्पांनी खुर्चीतून विचारलं.

आता इथं खरा इतिहास सांगणं भाग आहे. पाणबुडी माझी कल्पना होती. वडिलांनी सुट्टीवर येताना आणलेल्या एका जुन्या मासिकात मी तिचं चित्र पाहिलं होतं. समुद्र आम्ही दोघांनीही पाहिला नव्हता; पाणी बघायचं तर टँकर यायची वाट बघावी लागायची. पण चित्र मी पाहिलं होतं आणि वयानं तीन वर्षांनी मोठी होते, म्हणून कॅप्टन मी. भाऊ खलाशी. कधीकधी मासा. मासा असताना त्याला बोलायची परवानगी नसायची.

गेममध्ये कॅप्टनची टोपी त्या मुलाच्या डोक्यावर होती. मी माळभर नजर फिरवली. दुसरं माणूस कुणी दिसेना.

"मी कुठाय?" मी विचारलं.

भाऊ जरा मागं सरकला. "आहेस की. लाल रिबिनी बघ."

पाइपाच्या वर एक शेळी उभी होती. पांढरी, तोंडावर काळा ठिपका, दोन्ही शिंगांना लाल रिबिनी.

"ती वाट दाखवते," भाऊ घाईघाईनं सांगू लागला. "लय महत्त्वाची आहे ती. मुलगा चुकला, की थांबून बें बें करते. तिच्याशिवाय गेम पुढं जातच नाही."

काकी मेथी निवडत होती. तिच्या हातातली जुडी खाली पडली. ती इतकी हसली की तिला पदर तोंडावर धरावा लागला. "आगदी तशीच गं! आगदी तशीच करायचीस तू!"

"मला माणूस करायला काय झालं होतं?"

"ताई, मुलगी चालवायची म्हणजे काम वाढतं. वेण्या हलवायच्या असतात. वेण्या लय अवघड जातात. शेळी सोपी पडते."

अपमान केला असता तर मी समजू शकले असते. हे कारण त्याहून वाईट होतं. तरी मी खेळत राहिले. एक तर गेम चांगला होता, आणि दुसरं म्हणजे शेळी खरंच हुशार होती. ती मुलाला काटेरी कुंपणाच्या भोकातून नेत होती, जिथून मीच भावाला नेत असे.

तिसऱ्या टप्प्यावर माळावरची पडीक विहीर आली. पाणबुडी पुढं न्यायची तर समुद्राची खोली मोजायला हवी, असं शेळीनं सुचवलं. मुलगा घरात गेला, एक पत्र्याची ट्रंक उघडली आणि आतून कापडाची मोठी गुंडाळी काढली. केशरी कापड, हिरवा काठ.

माझा अंगठा बटणावर गोठला.

मी भावाकडे पाहिलं. तो हसत होता. हा त्याचा आवडता टप्पा असावा. माझ्या तोंडाकडे तो अशा अपेक्षेनं बघत होता, की आता ही कौतुक करणार. त्या प्रसंगाच्या वेळी तो सहा वर्षांचा होता. त्याला कापड आठवत होतं, विहीर आठवत होती. पुढचं काहीच आठवत नव्हतं. मी नऊ वर्षांची होते. मला सगळं आठवत होतं.

"चहा टाकू का?" मी म्हणाले.

"आत्ता? इथं थांबू नको ताई, मेन गंमत पुढंच आहे." आणि त्यानं स्वतःच बटण दाबलं.

मुलानं कापडाच्या टोकाला दगड बांधला आणि विहिरीत सोडला. गुंडाळी उलगडत खाली गेली. विहिरीच्या भिंती निळ्या झाल्या, मग गडद निळ्या. केशरी पट्टा उतरत राहिला, त्याच्या दोन्ही बाजूंनी मासे आले, उजेड आला. खोली संपेचना. खरं सांगते, क्षणभर मी सगळं विसरले. आम्हाला त्या दिवशी ती विहीर अशीच दिसली होती. वाकून बघताना भाऊ म्हणाला होता, "ताई, मासं!" आणि मलाही दिसले होते.

"थांब," आप्पा म्हणाले.

भावानं बटणावरून बोट उचललं.

"त्ये मागं घे."

"आप्पा, गेम मागं जात नाही," भाऊ म्हणाला.

"मग फेटा वर काढ."

"तो वर येत नाही. अडकतो."

"कशात अडकतो?"

"विहिरीतल्या उंबरात."

आप्पा खुर्चीतून पुढं झुकले. "आनि त्यो उंबरात अडकतो, हे तुला रं कसं म्हाईत?"

तेव्हा कुठं भावाच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पडद्यावरच्या शेळीकडे पाहिलं. ती विहिरीच्या काठावर उभी राहून, अगदी निष्पाप चेहऱ्यानं, बें म्हणाली.

तो फेटा आप्पांना सांगलीच्या मैदानात मिळाला होता. पंचक्रोशीतला कुणी ज्याच्याशी हात मिळवायला धजत नव्हता, अशा एका पैलवानाला त्यांनी तिथं चितपट केलं होतं. मानाचा फेटा. वर्षातून एकदा, गावच्या यात्रेत कुस्त्यांचे पंच म्हणून उभे राहताना, ते तो बांधत. एरवी ट्रंकेत, कापूर घालून.

त्या वर्षी यात्रेच्या तीन दिवस आधी आटपाडीचे मामा आले होते. मामा म्हणजे काकीचा धाकटा भाऊ. सडसडीत, बोलघेवडा, डाळिंबाची बाग करणारा. कपड्यांना ऊन दाखवायला ट्रंक उघडली होती. मामांनी फेटा काढून डोक्याला गुंडाळला, आरशासमोर उभे राहिले, मिशीवर हात फिरवला आणि म्हणाले, "दाजी, ह्यो तुमच्यापेक्षा मलाच शोभतोय. जाताना घिऊन जातो." सगळे हसले. आप्पा हसले नाहीत.

यात्रेच्या आदल्या दुपारी बागेला पाणी द्यायची पाळी आली म्हणून मामा तडकाफडकी निघाले. त्याच दुपारी आम्ही समुद्राची खोली मोजली. फेटा उंबरात अडकला, दगड सुटून खाली गेला, आम्ही ओढत राहिलो आणि शेवटी उरलेलं टोकही हातातून निसटलं. मी भावाला शपथ घातली. माशांना बोलायची परवानगी नसते, हेही बजावलं.

संध्याकाळी ट्रंक रिकामी सापडली. आटपाडीला निरोप गेला, तिथून उलट निरोप आला, शब्दाला शब्द वाढला. त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षं मामांनी आमच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही आणि आप्पांनी त्यांचं नाव घेतलं नाही. ती विहीर पुढं बुजवली. तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला होता, हे आता लिहायला हरकत नाही.

"कुनाची आयडिया?" आप्पांनी विचारलं.

"ताईची," भाऊ म्हणाला. सव्वीस वर्षांची शपथ त्यानं एका सेकंदात मोडली.

आप्पा उठले. लहानपणी ते असे उठले, की आम्ही गोठ्याकडे पळायचो. आता पळायला जागा नव्हती आणि माझे गुडघेही तसे राहिले नाहीत. ते आमच्यासमोर येऊन उभे राहिले, दोघांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "पन्नास बैठका."

"आप्पा, मी पस्तीस वर्षांची आहे."

"मग साठ."

आम्ही काढल्या. म्हणजे काढू लागलो. काकी मोजत होती. भाऊ सातव्या बैठकेला भिंतीला टेकला. मी अकरापर्यंत गेले, तेवढंच माझ्या नावावर असू दे. आप्पांचा चेहरा कडक होता, पण मिशी हलत होती. बाराव्या बैठकेला खाली गेले तेव्हा लक्षात आलं, की काकी मोजायची थांबली आहे.

ती मेथीच्या काड्यांकडे बघत होती.

"तूच म्हनाली हुतीस," ती मला म्हणाली. "ह्यांनी इचारलं, तवा तूच म्हनाली हुतीस, मामा जायच्या सकाळीबी आरशात फेटा बांधून बगत हुता."

मी उभी राहिले. "काकी, ते खरं होतं गं."

"खरं हुतं म्हनून तर लय वाईट झालं. खोटं बोलली असतीस, तर मी कान धरून काढून घ्येतलं असतं तुज्याकडनं." तिनं काड्या गोळा केल्या. "माझं माहेर तुमी दोघांनी खेळता खेळता हिरीत सोडलंत व्हय?"

आणि ती आत गेली.

एवढ्या वर्षांत काकीचं माहेर तुटलं नव्हतं, पण त्याची जागा बदलली होती. दर भाऊबिजेला मामा आटपाडीहून एसटीनं दहिवडीच्या स्टँडवर यायचे आणि काकी माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं तिथं जायची. कापडी पिशवीत ताट, निरांजन, सुपारी, करंज्यांचा डबा. स्टँडवर वारा फार. गाड्या वळल्या की धूळ आणि धूर. चौकशीच्या खिडकीच्या आडोशाला बाकावर मामांना बसवून, पदरानं झाकत ती निरांजन पेटवायची. तीन काड्या तरी जायच्या. ओवाळून झालं, की दोघं बहीण-भाऊ चहा प्यायची आणि परतीच्या गाड्या धरायची. मी कॉलेजात असताना एकदा तिच्याबरोबर गेले होते. मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "काय म्हनतोय तुमचा समुद्र?" मला ते तेव्हा साधंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, तर आप्पा दाढी करून, पांढरा सदरा घालून पायरीवर बसलेले. खांद्याला भावाच्या लॅपटॉपची बॅग.

"म्या येतोय," ते म्हणाले. "आनि ही बॅग माज्याजवळच ऱ्हाईल."

ताटाची पिशवी भावाच्या गाडीत ठेवताना काकीनं करंज्यांचा दुसरा डबाही घेतला.

आटपाडीची गाडी अकराला आली. मामा दारातून उतरले. पांढरा पायजमा, टोपी, हातात डाळिंबांची पिशवी. त्यांनी काकीला पाहिलं, हसले. मग तिच्यामागं आप्पांना पाहिलं. हसणं विरलं. एक पाय जमिनीवर होता, दुसरा त्यांनी परत पायरीवर ठेवला.

"आवं आजोबा," कंडक्टर ओरडला, "चढताय का उतरताय?"

"त्ये आजून ठरंना," मामा म्हणाले.

आप्पा पुढं गेले. आयुष्यात त्यांनी कुणाची माफी मागितल्याचं आम्ही ऐकलेलं नव्हतं, आणि आता ती कशी मागतात हे बघायला आम्ही दोघं कान टवकारून उभे होतो. आप्पांनी घसा साफ केला.

"पावणं," ते म्हणाले, "जरा टीव्ही बघायचा हाय."

स्टँडच्या चहाच्या टपरीसमोर एक डगमगतं टेबल होतं. त्यावर लॅपटॉप उघडला. भावाला पहिले दोन टप्पे खेळूनच तिसऱ्यावर जाता येत होतं, त्यामुळे तो घाम पुसत खेळत होता आणि आप्पा मागं उभं राहून "बिगी बिगी" म्हणत होते. बघता बघता दहा-बारा प्रवासी जमले. मामा मन लावून बघत होते.

"ही शेळी लय गुनाची हाय," ते म्हणाले. "कोन म्हनायची ही?"

"मी, मामा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग परत माझ्याकडे. "कान बराबर आल्यात."

ट्रंक उघडली. फेटा निघाला. विहीर निळी होत गेली, केशरी पट्टा खाली खाली उतरला. जमलेल्यांतल्या एका बाईनं "आगं बया" म्हटलं. टेबलाकडे बघत आप्पा बोलले.

"पोरांनी टाकला हुता. तुमी न्हाई नेला."

त्यांची माफी एवढीच होती. पण त्यासाठी त्यांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं होतं.

मामांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला. "म्हाईत हाय की," ते म्हणाले.

"काय म्हाईत हाय?"

"पोरांनी टाकला त्ये. मी फाट्यावर गाडीची वाट बगत हुतो. ही दोगं माळावरनं पळत चालल्याली. मागनं फेटा लोळतोय. ही कार्टी म्होरं, 'डुबकी मारा, डुबकी मारा' म्हनत. मला वाटलं, दाजींनीच दिला आसंल खेळाया. आटपाडीत निरोप आला तवा कळलं, चोर म्या हाय."

माझे कान तापले. आप्पांचा आवाज चढला. "मग बोलला का न्हाई तुमी?"

"बोलून? तवा तुमचा हात कसा चालायचा, त्ये मला ठावं हाय. पोरं आई-बापापासनं लांब. म्हनलं, आपली पाठ रुंद हाय, ऱ्हाऊ दे."

काकीनं डोळ्याला पदर लावला. भाऊ खाली बघू लागला. मला तर तिथंच मामांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि पडलेही असते. मामा इथं थांबले असते तर गोष्ट फार सुंदर झाली असती. पण मामांना थांबता येत नाही.

"आनि खरं सांगू का?" ते बशी खाली ठेवत म्हणाले. "कांदाबी हुता."

"कसला कांदा?" काकीनं पदर खाली घेतला.

"दाजींचा. दर साली चैत्रात निरोप यायचा, पावणं, कांदा काढाया या. धा-धा, पंदरा-पंदरा दिस. माझी डाळिंबं तिकडं वाळायची आनि मी हिकडं कांद्याच्या पाती कापतोय. दाजीस्नी न्हाई म्हनायची आपली टाप न्हवती. त्यो रुसवा पडला आनि म्या सुटलो. पयल्या साली लय वाईट वाटलं. दुसऱ्या साली चैत्र आला, निरोप काय आला न्हाई. म्हनलं, ह्ये बरंच झालं की!"

टेबलाभोवतीचे लोक हसू लागले. आप्पांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण एवढ्या मोठ्या पोटाचं काय लपवणार. ते आधी हललं, मग सगळे आप्पा हलले.

काकी हसली नाही. तिनं बाकावर मांडलेलं ताट उचललं, सुपारी पिशवीत टाकली, निरांजनाची वात काढून तेल जमिनीवर ओतलं.

"आक्का, आगं काय करतीस?"

"म्हंजी मी इतकी वर्सं ह्या धुरात निरांजन झाकत बसले, त्ये तुझा कांदा चुकवाया?"

"आगं, तसं न्हवं..."

"तसंच हाय. पोरांसाठी गप बसलास, त्येचं पांग फेडीन मी. पर दुसऱ्या साली येऊन सांगायचं हुतं. तिसऱ्या साली सांगायचं हुतं. पोरं मोठी झाली, हिला नोकरी लागली, तरी तुझा कांदा सरंना?" तिनं पिशवीला गाठ मारली. "मी हितं ओवाळत न्हाई. उंबऱ्यावर ओवाळीन. घरी यायचं आसंल तर गाडीत बस, न्हाईतर आटपाडीची लागलीया बग."

आटपाडीची गाडी खरंच लागली होती. तोच कंडक्टर दारात उभा राहून मामांकडे बघत होता.

मामा मुकाट्यानं आमच्या गाडीत बसले. मागच्या सीटवर ते आणि आप्पा, मधे डाळिंबांची पिशवी. काकी पुढं. मला दोघा म्हाताऱ्यांच्या शेजारी कोंबलं होतं. पाच-सहा मैल गेले. मग आप्पांनी पिशवीतून एक डाळिंब काढलं, हातानंच फोडलं आणि अर्धं मामांना दिलं.

"बारीक हाय औंदा," आप्पा म्हणाले.

"पानी न्हाई," मामा म्हणाले.

पुढचा सगळा रस्ता ते पाण्यावर बोलत राहिले.

काकीनं उंबऱ्यावर ओवाळलं. मामांना फुटक्या पायरीवर उभं करून तिनं कपाळाला कुंकू लावलं ते थेट नाकापर्यंत उतरेल एवढं, आणि करंजी तोंडात कोंबली, म्हणजे बोलता येऊ नये. वाऱ्याचा पत्ता नव्हता. निरांजन पहिल्या काडीला पेटलं. ते पेटल्यावर मात्र तिला एकदम रडू आलं आणि ताट माझ्या हातात देऊन ती चुलीकडे गेली. मामा तोंडात करंजी घेऊन तसेच उभे होते. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं आणि गिळता येत नसल्यामुळे ते फार विचित्र दिसत होते.

संध्याकाळपर्यंत सगळं रुळावर आलं. आप्पांनी मामांना घरामागच्या परड्यात नेऊन कांद्याचं रोप दाखवलं. दोन महिन्यांनी लावण आहे, असं काकीनं मागून मोठ्यानं सांगितलं. मामांनी कंबरेवर हात ठेवला. "आवं, म्या आता सत्तरीला आलो."

"नुस्तं बांधावर बसा," आप्पा म्हणाले. "बसून दाखवा, कसं लावायचं त्ये."

आणि मामा आलेही. संक्रांतीच्या आधी आठवडाभर येऊन राहिले. बांधावर बसून त्यांनी कामाला आलेल्या सगळ्या बायकांना फेट्याची गोष्ट सांगितली. प्रत्येक वेळी विहीर थोडी आणखी खोल झाली आणि मी थोडी आणखी वाईट. त्या आठवड्यात गावातून जाताना दोन-तीन अनोळखी बायकांनी मला बें केलं.

भावानं पुण्याला जाण्याआधी माझ्या जुन्या लॅपटॉपवर गेम घालून दिला होता. त्याचा गेम हळूहळू लोकांनी खेळला, कुणी कुणी त्याला पत्रं लिहिली. एका बाईनं लिहिलं, की ती शेळी बघून तिला तिच्या मोठ्या बहिणीची आठवण आली. भावानं ते पत्र मला मुद्दाम पाठवलं. मी उत्तर दिलं नाही. लॅपटॉप काकीनं आपल्याकडे ठेवून घेतला होता. तिला गेम खेळायचा होता. मी चार बटणं दाखवली आणि म्हटलं, पहिला टप्पा तरी होऊ दे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी मी गावी गेले, तर काकी ओट्यावर बसून खेळत होती. चष्मा नाकावर, एक बोट बाणावर. पडद्यावर तेच घर, तीच तुळस. मुलगा तुळशीभोवती गोल फिरत होता.

"कुठंवर आलीस?" मी विचारलं. "विहीर झाली?"

"कशाची हीर? म्या न्हाई त्येला तिकडं धाडत."

"अगं, मग गेम पुढं कसा जाणार? डोळे मिटायचं बटण दाब की."

"डोळं मिटून काय करायचंय? पोरगं बाहेर ग्येलं, की उद्योग करून येतंय." तिनं मुलाला पायरीवर आणलं आणि बोट उचललं. "हितंच बरं हाय. सावली हाय."

बटण बराच वेळ दाबलं नाही, तर मुलगा आपोआप खाली बसेल, जांभई देईल, अशी सोय भावानं केली होती. खेळणाऱ्याला घाई असते, त्यामुळे ती बहुतेक कुणी पाहिलीच नसावी. आता मुलगा पायरीवर बसला. त्यानं जांभई दिली, भिंतीला डोकं टेकलं. शेळीही त्याच्या पायाशी येऊन बसली.

काकीनं चष्मा काढला आणि शेंगा सोलायला घेतल्या. बॅटरी उगाच जाते म्हणून मी लॅपटॉप मिटायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," ती हळू आवाजात म्हणाली. "आत्ताच झोपलंय त्ये."